मायेचाही हिशेब हवा

अनाथ मुलांविषयी आपल्याकडे एक ठरीव समजूत आहे. या मुलांना जगात कोणी नाही, त्यांना माया हवी, ती माया एखादी थोर व्यक्ती आश्रम काढून देते आणि बाकीच्यांनी ऐपतीप्रमाणे त्या आश्रमाला हातभार लावायचा. पुरवण्यांमधले लेख, सत्काराची भाषणं, नातवाच्या वाढदिवसाला आश्रमात जिलेबी वाटून आलेल्या कुटुंबांचे फोटो, सगळं या समजुतीवर उभं आहे. समजूत दुष्ट नाही, पण उथळ आहे. आणि त्या उथळपणाची किंमत मुलं मोजतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. घराबाहेर पडलेल्या किंवा पडायच्या बेतात असलेल्या मुलाला सगळ्यात जास्त छळते ती जबाबदारीची अनिश्चिती. त्याच्या रोजच्या जेवणापासून दहावीच्या फॉर्मपर्यंत कोण बघणार, किती वर्षं बघणार आणि बघितलं नाही तर जाब कोण विचारणार, हे ठरलेलंच नसतं. दुसऱ्याचं मूल सांभाळणं हे आपण पुण्यकर्म मानतो. ते काम मानायला हवं. पारखून निवड, शिकवण, मोबदला, देखरेख आणि झेपत नसेल तर वेळीच सांगण्याची मुभा, हे सगळं असलेलं काम. कायदा ज्याला प्रतिपालकत्व म्हणतो आणि कार्यालयांत ज्याला सरसकट फॉस्टर केअर म्हणतात, ते कुटुंबात राहून होणारं संगोपन आपल्याकडे रुजत नाही. दयाळू माणसांची वानवा आहे म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. नुसत्या दयेवर हे काम चालेल असं आपण धरून बसलो आहोत, म्हणून ते होतं.

हे तीन पायऱ्यांनी मांडतो.

पहिली पायरी : मूल बहुधा अनाथ नसतं

२०२० साली करोनाची साथ आली आणि बालगृहं रिकामी करण्याची वेळ आली. त्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयासमोर एक आकडेवारी आली. साथ सुरू झाली तेव्हा देशभरातल्या बालसंगोपन संस्थांमध्ये २,२७,५१८ मुलं होती. त्यांतली १,४५,७८८ मुलं आईवडिलांकडे किंवा पालकांकडे परत गेली होती. म्हणजे शंभरातली चौसष्ट. ज्यांना जगात कोणी नाही असं आपण धरून चाललो होतो, त्यांच्यातल्या बहुतेकांना पाठवायला एक पत्ता होता.

मग ही मुलं संस्थेत गेली कशी? बाप वारला, आई दुसऱ्याच्या शेतात राबते आणि तिला लेकरू दिवसभर कोणाच्या भरवशावर ठेवायचं कळत नाही. आईने दुसरं लग्न केलं आणि नव्या घराने पहिल्या घरची पोर नाकारली. बाप दारूत बुडाला. आई मनाच्या आजाराने अंथरुणाला खिळली. आजी आहे, पण तिलाच निराधार योजनेच्या पैशांवर दिवस काढावे लागतात. कधी कारण याहून साधं असतं. पुढच्या शिक्षणाची सोय गावात नाही आणि संस्थेत दोन वेळचं जेवण आणि शाळा एकत्र मिळते. यांतल्या बऱ्याच कारणांवर पैसा, औषध, पाळणाघर किंवा वसतिगृह हा इलाज आहे. आपण मात्र मूलच उचलून दुसरीकडे ठेवतो.

२०२० मध्ये मुलं परत पाठवण्याची घाई झाली, तीही मला चुकीचीच वाटते. ज्या अडचणीमुळे मूल बाहेर पडलं ती अडचण घरात तशीच असताना त्याला बसमध्ये बसवून देणं म्हणजे फक्त खर्चाचा रकाना बदलणं. परत गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये द्यावेत असं न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

दुसरी पायरी : पैसा दिसणाऱ्या दुःखाकडे वळतो

मूल घरातच राहावं म्हणून महाराष्ट्राकडे एक जुनी योजना आहे, बालसंगोपन योजना. २०२३ पासून तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. एक पालक गमावलेल्या, किंवा पालक असूनही ज्यांना सांभाळणारं कोणी नाही अशा मुलांच्या घरी यातून दरमहा रक्कम जाते. कित्येक वर्षं ही रक्कम ४२५ रुपये होती, म्हणजे दिवसाला चौदा रुपये. २०२१ मध्ये ती ११०० झाली आणि २०२३ मध्ये २,२५० झाली. घरभेटी, अहवाल आणि पाठपुरावा करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला एका मुलामागे महिन्याला २५० रुपये मिळतात. खेड्यापाड्यांत विखुरलेल्या घरांना भेटी द्यायच्या तर या रकमेत मोटारसायकलचं पेट्रोलही जेमतेम भागतं.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये कुटुंबात राहणाऱ्या मुलासाठी दरमहा ४,००० रुपये आहेत. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपये आहे. संस्थेतल्या मुलाच्या निर्वाहासाठी याच योजनेत ३,००० रुपये आहेत. कागदावर पाहिलं तर पारडं घराकडे झुकलेलं दिसतं. पण संस्थेला निर्वाहाच्या पैशांखेरीज कर्मचाऱ्यांचे पगार आणि इमारत असते, आणि या सगळ्याच्या वर देणग्या येतात. मंजूर संख्या असते आणि ती भरलेली दिसावी लागते. रिकामी खाट हा संस्थेचा तोटा असतो. मूल घरीच राहिलं, यात कोणाचाच नफा दिसत नाही आणि त्याची कोनशिलाही बसत नाही.

बालसंगोपनाची रक्कम मंजूर होण्याआधीची वाट कशी असते हे कळायला हवं असेल तर एखादी फाइल उघडून बघावी. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, त्यावरचं नाव आधार कार्डाशी न जुळणारं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. रेशन कार्डाची झेरॉक्स, त्यात मुलाचं नाव अजून बापाच्या घरच्याच कार्डावर. शाळेचं बोनाफाईड. बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. घरासमोर आजी आणि नातू उभे आहेत असा फोटो, आजीची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. मग गृहचौकशी अहवाल, मग बाल कल्याण समितीचा आदेश, आणि मुदत संपली की नूतनीकरण. समिती जिल्ह्याच्या गावी बसते. तालुक्याच्याही पलीकडे राहणाऱ्या आजीला एकेका कागदासाठी एकेक रोज बुडवावा लागतो. मंजुरीनंतरही हप्ते महिनोन्महिने रखडतात आणि मग एकदम येतात. दूध महिन्याच्या महिन्याला लागतं, एकदम लागत नाही.

सरकारला हे जमत नाही असं मला म्हणता येत नाही. ‘माझी लाडकी बहीण’ जुलै २०२४ मध्ये सुरू झाली आणि काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यांत दीडदीड हजार पोचू लागले. त्या योजनेबद्दल कोणाला काय म्हणायचं ते म्हणू द्या. यंत्रणा ठरवलं तर किती वेगाने धावते, एवढं तिने दाखवलं.

करोनाने आपल्या कल्पनाशक्तीची हद्दही दाखवली. आईवडील दोघंही गेलेल्या मुलाच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, आणि केंद्राच्या पीएम केअर्समधून त्याला तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळायचे आहेत. एकच पालक गेला तर वाट्याला आली ती बालसंगोपन योजनेची मासिक रक्कम. बाप गेलेल्या घरांची संख्या कितीतरी पटींनी मोठी होती, आणि त्या घरांतल्या विधवांसाठी हेरंब कुलकर्णी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना एकल महिलांच्या समित्या बांधून तालुक्यातालुक्यांत हा अर्ज भरून घ्यावा लागला. पूर्ण अनाथ मूल दिसलं की आपली तिजोरी उघडते. अर्धं घर शिल्लक असलेलं मूल दिसलं की आपण कागद मागतो.

तिसरी पायरी : परकं घर नेमकं कोणाला लागतं

इथवर बोललो ते घर वाचवण्याबद्दल. पण काही घरं वाचवता येत नाहीत. मारहाण असते, लैंगिक अत्याचार असतो, पालक वर्षानुवर्षं बेपत्ता असतात किंवा तुरुंगात असतात. त्या मुलांचं काय?

इथे चटकन दत्तकाचं नाव निघतं. दत्तकासाठी नाव नोंदवलेल्या पालकांची देशभरातली रांग तीस हजारांहून मोठी आहे आणि वर्षाला जेमतेम चार-साडेचार हजार दत्तकविधानं होतात. आकडे पाहून वाटतं, संस्थेत मुलं आहेत, बाहेर पालक आहेत, मग अडतंय कुठे? अडतं ते असं. रांगेतल्या बहुतेकांना तान्हं बाळ हवं असतं, आणि संस्थांमधली बहुतेक मुलं मोठी असतात आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळी नसतात. त्यांची आई कुठेतरी असते. ती मुलाला सांभाळू शकत नाही आणि सोडूनही देत नाही.

या अधल्यामधल्या मुलासाठीच प्रतिपालक घर आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये ते आहे. मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहील, सरकार त्या कुटुंबाला मासिक रक्कम देईल, आईवडील त्याला भेटू शकतील आणि परिस्थिती सुधारली तर ते परत जाईल. केंद्राच्या २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनी सहा वर्षांवरच्या मुलांसाठी हे दार आणखी उघडलं. एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येतं, आणि मूल दत्तकासाठी मोकळं झालं तर पाचऐवजी दोन वर्षांच्या सहवासानंतर ते कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकतं.

कायदा चांगला आहे. पण महाराष्ट्रात बालसंगोपनाचे पैसे मुख्यतः सख्ख्या आईला, आजीला, मावशीला जातात. तसे ते जायलाच हवेत. पण ती झाली आपल्याच घराला मदत. रक्ताच्या नात्याबाहेरच्या घरात मूल ठेवलं गेल्याची उदाहरणं फार थोडी सापडतात. दोन्ही गोष्टी एकाच योजनेच्या नावाखाली मोजल्या की लाभार्थ्यांचा आकडा भरघोस दिसतो आणि दुसरी गोष्ट जवळजवळ सुरूच झालेली नाही हे झाकून जातं.

त्या घरात मुलावर काय गुजरतं

समजा मूल अशा घरात गेलं. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, माणसं भली. आपल्या समजुतीप्रमाणे गोष्ट इथे सुखान्त व्हायला हवी. खऱ्या अडचणी इथून सुरू होतात.

आठ वर्षांचा मुलगा रात्री चपाती चड्डीच्या खिशात घालून झोपतो. सकाळी अंथरुणात मुंग्या निघतात. सांभाळणाऱ्या बाईच्या मनाला ते लागतं. “आमच्याकडे तुला काय कमी आहे रे?” मुलाला कमी काहीच नसतं. उद्या जेवण असेल याची खात्री त्याच्या पोटाला अजून पटलेली नसते, इतकंच. ज्या बाईला हे कोणी आधी सांगितलेलं असतं ती त्याच्या उशाशी बिस्किटांचा डबा ठेवते आणि काही महिन्यांनी तो डबा आपोआप भरलेलाच राहू लागतो. जिला कोणी सांगितलेलं नसतं तिला चोरी दिसते, कृतघ्नपणा दिसतो आणि पुढे “रक्तच तसं” हे वाक्य येतं. दोघींचं मन सारखंच मोठं असू शकतं. एकीला शिकवलेलं असतं, दुसरीला नसतं.

दुसरी अडचण निष्ठेची. नव्या बाईला ‘आई’ म्हटलं तर जुनीशी बेइमानी होते, ‘काकू’ म्हटलं तर घरात पाहुणा राहतो. सख्खी आई भेटून गेली की आठवडाभर मूल बिथरतं, अंथरूण ओलं करतं, दप्तर फेकतं. मग घर म्हणतं, त्या बाईला भेटूच देऊ नका, पोर नासतं. खरं तर भेटी थांबल्या की मूल मनातल्या मनात एक आदर्श आई रचतं आणि समोरच्या खऱ्या बाईला तिच्या शेजारी उभं करून रोज नापास करतं. जुन्या आईचं नाव या घरात मोकळेपणाने काढता येतं, एवढं कळलं तरी ते बरंच शांत होतं.

तिसरी अडचण भावंडांची. शक्यतो भावंडं एकत्र ठेवावीत असं कायदा सांगतो. पण आपली संस्थात्मक रचनाच वय आणि लिंग पाहून बनलेली आहे. धाकटं शिशुगृहात, मुलगी मुलींच्या बालगृहात, थोरला मुलांच्या. आईबाप गेल्यावर या मुलांकडे उरलेलं एकमेव नातं आपण व्यवस्थेच्या सोयीसाठी तीन पत्त्यांवर वाटून टाकतो.

चौथी कागदाची. प्रतिपालक घर मुलाला भरवतं, पण त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार प्रत्येक वेळी त्याच्याकडे नसतो. शस्त्रक्रियेची संमती, शाळा बदलणं, जातीचा दाखला, प्रत्येक ठिकाणी बापाकडचा पुरावा मागतात. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आणलं, आणि ते योग्यच झालं. पण आई जिवंत आहे आणि असून नसल्यासारखी आहे, अशा मुलाला अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही. ते पुन्हा मधल्यामध्येच राहतं.

आणि शेवटची, सगळ्यात जीवघेणी. मूल घराची परीक्षा घेतं. दोनदा टाकलं गेलेलं पोर तिसऱ्यांदा कधी टाकलं जाणार हे जाणून घ्यायला मुद्दाम वाईट वागतं. घराने हात टेकले की त्याचा अंदाज खरा ठरतो आणि पुढच्या घरात ते आणखी लवकर तुटतं. परदेशांत, जिथे ही पद्धत मोठी आहे, तिथलंही खरं दुखणं हेच आहे. एका घरातून दुसऱ्या घरात सरकत राहणारी मुलं.

शास्त्र काय सांगतं

संस्था की घर, या वादात मतांची रेलचेल असते आणि पुरावा थोडा. एक पुरावा मात्र भक्कम आहे. चाउशेस्कूच्या राजवटीनंतर रुमानियातली अनाथालयं तान्ह्या मुलांनी भरलेली होती. २००० च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ मुलं घेऊन चिठ्ठ्या टाकून निम्मी प्रतिपालक घरांत ठेवली, निम्मी संस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७३, घरांत गेलेल्यांचा ८१ आणि आपल्याच आईबापाकडे वाढलेल्यांचा १०९ निघाला. वयाची दोन वर्षं पूर्ण होण्याआधी ज्यांना घर मिळालं त्यांची प्रगती सगळ्यांत चांगली होती.

या आकड्यांतून लोक एकच अर्थ काढतात, घर बरं. मला त्यांत आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, चांगलं प्रतिपालक घरसुद्धा हरवलेलं सगळं भरून देत नाही, म्हणून मूल घराबाहेर पडू न देणं हाच पहिला खर्च. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बुखारेस्टमध्ये तेव्हा अशी घरं जवळपास नव्हतीच. संशोधकांनी ५६ कुटुंबं निवडली, त्यांना शिकवलं, पगार दिला आणि मागे समाजकार्यकर्त्यांचा आधार उभा केला. ८१ हा आकडा नुसत्या घराचा नाही, असा आधार मिळालेल्या घराचा आहे. पुढे रुमानियाने दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवायला कायद्याने बंदी घातली.

आक्षेप

“परक्या घरात छळ झाला तर?” हा प्रश्न खरा आहे आणि त्याला इतिहासही आहे. जानेवारी १९४५ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशरमधल्या एका शेतघरात डेनिस ओनील हा बारा वर्षांचा प्रतिपालित मुलगा मारहाणीने आणि उपासमारीने मेला. त्याला तिथे ठेवलं होतं दुसऱ्या भागातल्या न्यूपोर्टच्या नगरपालिकेने. देखरेख कोणाची, यावर दोन्हीकडे ढिलाई होती. अगाथा ख्रिस्तीला ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक याच घटनेवरून सुचलं. त्यानंतर कर्टिस समिती बसली आणि १९४८ चा बालक कायदा आला. घरं बंद करून सगळी मुलं आश्रमांत ठेवा, असा धडा इंग्लंडने घेतला नाही. प्रत्येक भागात मुलांसाठी जबाबदार असा एक अधिकारी नेमला. आणि संस्थेत मूल सुरक्षित असतं या भ्रमासाठी बिहारमधलं मुझफ्फरपूर पुरेसं आहे. २०१८ मध्ये तिथल्या बालिकागृहातले अत्याचार बाहेर आले ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. भिंत रक्षण करत नाही, नजर करते.

आता ही नजर आपल्याकडे कशी आहे ते पाहा. बाल कल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला पाहणी करावी असं कलम ४४ सांगतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, सगळ्या जिल्ह्यासाठी. त्यांच्याकडे हरवलेली मुलं, पळून आलेली मुलं, बालविवाह, अत्याचाराची प्रकरणं, सगळं येतं. जिल्ह्यात दोनशे प्रतिपालक घरं झाली तर महिन्याला दोनशे घरभेटी कोण करणार? म्हणजे कायदा पाळायचा तर घरं वाढवता येत नाहीत आणि घरं वाढवायची तर कायदा मोडावा लागतो. ही कोंडी फोडायला कायमस्वरूपी, प्रशिक्षित, तालुका पातळीवरचे समाजकार्यकर्ते लागतात. आज जिल्हा बाल संरक्षण कक्षातली माणसंसुद्धा कंत्राटी आहेत आणि दर वर्षी मुदतवाढीच्या चिंतेत असतात. ज्याची स्वतःची नोकरी मार्चनंतर राहील की नाही ठाऊक नाही, तो मुलाला स्थैर्य कसं देणार?

“पैसे दिले तर लोक पैशासाठीच मुलं घेतील.” व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये ॲमिलिया डायर नावाची बाई एकरकमी पैसे घेऊन तान्ही मुलं सांभाळायला घेई आणि मारून टाकी. १८९६ मध्ये तिला फाशी झाली. तिथे पैसा होता, पण एकरकमी, आणि नंतर मुलाची चौकशी करायला कोणी येत नसे. दरमहा मिळणारा, घरभेटीला बांधलेला आणि मूल ठीक नसेल तर थांबणारा पैसा याच्या अगदी उलट काम करतो. शिवाय आपण अंगणवाडी सेविकेला पैसे देतो, आशाताईंना देतो, आणि पैसे घेते म्हणून तिची माया खोटी असं कोणी म्हणत नाही. त्यांनाही पगार न म्हणता ‘मानधन’ म्हणून कमीच दिलं जातं, ही त्याच पुण्याच्या भाषेची दुसरी बाजू.

“आपल्याकडे नातेवाईक आहेत, ही पाश्चात्त्यांची थेरं कशाला?” मामाकडे राहून शिकलेली माणसं प्रत्येक घरात आहेत, हे कबूल. वारावर जेवून पुण्यात शिकलेल्यांची चरित्रंही आपण वाचली आहेत. पण त्याच चरित्रांत मामीच्या धाकाने पहाटे पाणी भरणारं, सगळ्यांच्या शेवटी ताटावर बसणारं पोरही आहे. मुलगी असेल तर शाळा सुटून चूल हाती येते. नातं हा उत्तम आधार आहे, पण तिथे तक्रार करायची सोय नसते. म्हणून नातेवाइकांच्या घरालाही पैसे द्यावेत आणि तिथेही घरभेट व्हावी. नातं आहे म्हणून देखरेख नको, असा हिशेब लावता येत नाही.

“मग आश्रमवाल्यांनी केलेलं सगळं फुकट?” अजिबात नाही. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने तसंच घर उभं राहिलं. तेव्हा विधवेच्या पोटी आलेल्या बाळासाठी आडाशिवाय दुसरी जागा नव्हती. सिंधुताई सपकाळांनी ज्यांना उचललं त्यांना उचलायला सरकार आलं नव्हतं. संकटकाळी दार उघडं ठेवणाऱ्यांचं ऋण कायमचं आहे. पण फुल्यांनी केलेली दुसरी गोष्टही लक्षात ठेवावी. त्या गृहात आलेल्या काशीबाईच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी स्वतःच्या घरात घेतलं. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्याबरोबर रुग्णसेवा करताना सावित्रीबाई गेल्या. आज बालसंगोपन योजना ज्यांच्या नावाने आहे त्यांनी संस्था काढली आणि मूल घरीही आणलं. आपण संस्थेपाशीच थांबलो.

अठरा वर्षं आणि एक दिवस

एवढं सगळं निभावलं तरी एक तारीख उरते. अठरा पूर्ण झाले की मूल कायद्याने मूल राहत नाही. कलम ४६ मध्ये एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे, पण बारावीचा निकाल, भाड्याची खोली, पहिली नोकरी आणि जामीन राहायला कोणीतरी, हे सगळं एकाच वर्षी लागतं. आपल्या घरातला अठरा वर्षांचा मुलगा अजून आईला मोजे कुठे ठेवलेस म्हणून विचारतो. चांगलं प्रतिपालक घर या तारखेनंतरही दिवाळीला बोलावतं, म्हणूनच संस्थेपेक्षा ते सरस ठरतं. पण तिथेही सरकारी पैसा त्या दिवशी बंद होणार असेल, तर पुढचं सगळं पुन्हा घराच्या चांगुलपणावर सोडलेलं असतं.

काय मागायचं

मागणी लांबलचक नाही. बालसंगोपनाची रक्कम महिन्याच्या महिन्याला खात्यात यावी आणि केंद्राच्या ४,००० च्या बरोबरीला आणावी. तालुक्याला कायमस्वरूपी समाजकार्यकर्ते असावेत. नातेवाइकांचं घर आणि परकं प्रतिपालक घर यांची मोजणी वेगळी व्हावी आणि ती दर वर्षी जिल्हावार जाहीर व्हावी. प्रत्येक बालगृहाने आपल्याकडच्या किती मुलांचे पालक जिवंत आहेत आणि वर्षभरात किती मुलं नीट तयारीने घरी गेली हे सांगावं, आणि दर्जा ठरवताना भरलेल्या खाटांऐवजी ते पाहावं. प्रतिपालक घरांना मूल येण्याआधी प्रशिक्षण आणि आल्यावर फोन करायला एक माणूस मिळावा.

यांतलं बरंचसं सरकारच्या हातात आहे, थोडं आपल्या. मिशन वात्सल्यप्रमाणे प्रत्येक गावात बाल संरक्षण समिती असायला हवी. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा : आपल्या गावची ही समिती शेवटची कधी बसली, बाप किंवा आई गेलेली किती मुलं गावात आहेत, आणि त्यांतल्या कितींचा बालसंगोपनाचा अर्ज अजून भरलेलाच नाही? उत्तर मिळालं नाही तर तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.